वावराचा निकष : संग्रहालय, वृद्धनिवास आणि घर यांच्या अंतर्रचनेची समीक्षा

प्रस्तावना

मंदिरे, किल्ले, वाडे यांच्या बाह्यरूपाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने इमारतीच्या आतील जागेची चिकित्सा कमी झालेली दिसते. झालीच तर ती बहुधा ‘गृहसजावट’ या नावाखाली होते, आणि सजावट हा शब्दच चर्चेची दिशा ठरवून टाकतो. भिंतीचा रंग, पडद्याचे कापड, छताखालचे दिवे यांची चर्चा होते. त्या खोलीत सत्तरी ओलांडलेली व्यक्ती रात्री एकटी उठून न्हाणीघरापर्यंत कशी जाईल, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. खोली छायाचित्रात कशी दिसते यावर तिचे मोल ठरते.

प्रस्तुत लेखात यापेक्षा वेगळा निकष मांडला आहे. मराठीत ‘वावर’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एखाद्या जागेत सहजपणे फिरणे, बसणे, उठणे, हाताला सवयीने वस्तू सापडणे, इतरांच्या सहवासात असणे असा व्यापक आशय त्यात सामावलेला आहे. अंतर्रचनेचे मूल्यमापन दर्शनापेक्षा वावराच्या अंगाने झाले पाहिजे, हे येथील प्रतिपाद्य आहे. त्यासाठी संग्रहालय, वृद्धनिवास आणि घर ही तीन स्थळे निवडली आहेत. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु वृद्ध व्यक्ती हा दुवा धरला की तिन्हींचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात.

वाडा : रचना आणि तिच्या मर्यादा

मराठी घराच्या अंतर्रचनेचा विचार वाड्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे व ती सकारण आहे. दिंडी दरवाजा, चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा वाड्याचा क्रम बाहेरून आत, सार्वजनिकतेकडून खाजगीपणाकडे जातो. ओसरीवर बसलेल्या वृद्धाला घरात येणारे-जाणारे दिसत, त्यांच्याशी बोलता येई आणि तरीही तो कामाच्या वाटेत येत नसे. झोपाळा, कोनाडा, फडताळ या गोष्टी भिंतीच्या व तुळईच्या आधाराने उभ्या राहत. त्यामुळे जमीन मोकळी राही. वावराच्या दृष्टीने ही जमेची बाजू होय.

तथापि वाड्याचे गुणगान करताना त्याच्या मर्यादा झाकल्या जातात. जाड भिंतीतून वर चढणारा अरुंद, काळोखा जिना म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी बांधलेला नव्हता. उंच उंबरे, मुख्य वास्तूपासून दूर असलेले शौचकूप, धुराने भरलेले स्वयंपाकघर यांचा त्रास ज्यांनी सोसला त्यांच्या आठवणी झोपाळ्यावर बसणाऱ्यांच्या आठवणींहून निराळ्या असणार. शिवाय वाड्याच्या रचनेत कोणी कोठपर्यंत यावे हे ठरलेले असे. स्त्रियांचा वावर आतल्या दालनांपुरता मर्यादित होता आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. वावर ही केवळ सोयीची बाब नसून अधिकाराची बाब आहे, हे येथे स्पष्ट होते. म्हणून वाड्याचे खांब आणि महिरपी उचलून आजच्या दिवाणखान्यात बसविल्याने परंपरेचे जतन होते, हा समज तपासून घ्यावा लागतो.

संग्रहालय : वस्तू आणि पाहणारा

वाड्यातील वस्तू आज ज्या ठिकाणी पाहावयास मिळतात ते ठिकाण म्हणजे संग्रहालय. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने महत्त्वाचे आहे. डॉ. दि. गं. केळकर यांनी अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तूंना त्यात मानाचे स्थान आहे. राजेरजवाड्यांच्या वैभवाइतकेच सामान्य घराच्या कारागिरीला मोल आहे, ही त्यामागील दृष्टी मोलाची आहे.

परंतु वस्तू काचेआड गेली की तिचा वावराशी संबंध तुटतो. अडकित्ता हातात धरल्याशिवाय त्याचा तोल कळत नाही; दिवा कोनाड्यात ठेवल्याशिवाय त्याच्या उजेडाची व्याप्ती कळत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या मध्यवर्ती दालनात अठराव्या शतकातील एका वाड्याचे खांब, कठडे व सज्जा बसविलेले आहेत. तेथे वाड्याचा भाग जपला गेला, आणि त्याचबरोबर तो पाहण्याचा विषय झाला. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे जे जतनकार्य झाले व जे २००८ मध्ये पूर्णत्वास गेले, त्यातही इमारतीचा अंतर्भाग हीच एक संग्रहवस्तू मानली गेली. त्या कार्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही लाभला. जतनाची ही बाजू निःसंशय स्पृहणीय आहे. प्रश्न उरतो तो पाहणाऱ्याचा.

प्रकाशाचे उदाहरण घेतल्यास हा प्रश्न नेमका समजतो. कापड, कागद, जलरंग यांचे रंग प्रकाशाने उडतात व ते पुन्हा येत नाहीत. म्हणून अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये, असा संग्रहालयशास्त्रातील सर्वमान्य संकेत आहे. उलट, वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. साठीच्या व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. म्हणजे पैठणीसाठी योग्य असलेला उजेड, ती पैठणी ओळखू शकणाऱ्या आजींसाठी अपुरा ठरतो. येथे वस्तूचे हित आणि माणसाचे हित यांत खराखुरा विरोध आहे, आणि एकाची बाजू घेऊन तो सुटत नाही.

तो सुटतो तो अंतर्रचनेच्या विचाराने. प्रकाशाची हानी तीव्रता आणि काळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. त्यामुळे पेटीवर पडदा ठेवून तो पाहणाऱ्याने दूर करावा, अथवा वस्त्रे खणांत ठेवून खण ओढून पाहावीत, अशी योजना केली तर वस्तू बहुतेक वेळ अंधारात राहते. उन्हातून आलेल्या व्यक्तीला थेट अंधाऱ्या दालनात न नेता मधल्या दालनात प्रकाश टप्प्याटप्प्याने कमी करीत नेता येतो. वृद्ध डोळ्यांना असे जुळवून घेण्यास अधिक वेळ लागतो. नामफलकासाठी स्वतंत्र दिवा, ठळक मोठी अक्षरे, काचेवर प्रतिबिंब न पडेल असा दिव्याचा कोन आणि दर काही अंतरावर पाठ व हात टेकता येतील असे बाक, या बाबींना फार मोठा खर्च येत नाही. बाक ठेवल्याने दालनाच्या शोभेत उणेपण येते असे जेथे मानले जाते, तेथे रचनाकाराने दालन पाहिले आहे, पण त्यात तासभर काढलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

वृद्धनिवास : देखरेख की निवास?

भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद केली. तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र त्या कलमात माणसांची संख्या नमूद आहे. एका माणसाला किती जागा, किती उजेड, किती एकांत लागतो याचा निर्देश नाही. मानके ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविलेले आहे. संख्या हाच आरंभबिंदू ठरला की रचना आपोआप रांगेतील खाटांकडे झुकते, कारण रांगेवर देखरेख ठेवणे सोपे असते. अशा दालनात निवासी व्यक्तीकडे स्वतःचे म्हणावे असे एक फडताळ आणि खाटेखालची पेटी एवढेच उरते.

या संदर्भात अमेरिकन अभ्यासक एम. पॉवेल लॉटन यांचा विचार उपयुक्त आहे. लॉटन व लुसिल नाहेमाव यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार व्यक्तीची क्षमता आणि परिसराची मागणी यांचा मेळ बसला तर व्यक्ती उत्तम रीतीने वावरते. मागणी क्षमतेपेक्षा फार वाढली तर ती व्यक्ती हतबल होते; फार घटली तर ती निष्क्रिय होते. या सिद्धान्ताचा दुसरा भाग आपल्याकडे विशेष दुर्लक्षिला जातो. वृद्धाला काहीच करावे लागू नये ही सेवेची कल्पना भावनिकदृष्ट्या आकर्षक असली, तरी तिच्यातून माणसाचे हातपाय आणि मन दोन्ही रिकामे होतात. भाजी निवडण्यासाठी एक ओटा, तुळशीला पाणी घालण्यासाठी एक अंगण या गोष्टी म्हणूनच अंतर्रचनेचा भाग ठरतात.

लॉटन यांच्या सहभागाने फिलाडेल्फियात १९७४ मध्ये सुरू झालेल्या वाइस पॅव्हिलियनमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या निवासींच्या खोल्या एका मोठ्या मोकळ्या मध्यवर्ती जागेभोवती रचल्या होत्या. खोलीच्या दारातून बाहेर पाहिले की काय चालले आहे ते दिसावे आणि लांबलचक बोळात वाट चुकू नये, हा हेतू होता. चौकाभोवती उघडणाऱ्या खोल्या मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. वाड्याकडून घ्यावयाचे ते हे तत्त्व. कोरीव महिरप ही त्या मानाने गौण बाब आहे.

तपशिलांचे महत्त्वही येथे नोंदविले पाहिजे. चकचकीत फरशीवरील झळाळी वृद्ध डोळ्यांना ओलाव्यासारखी भासते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला गडद रंगाचे पायपुसणे खड्ड्यासारखे वाटू शकते. न्हाणीघराचे दार आत उघडणारे असेल आणि व्यक्ती दारामागेच पडली, तर मदतीला आलेल्याला ते उघडता येत नाही. म्हणून ते बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. १५ सेंटिमीटर उंचीचा उंबरा १:१२ या मान्य उताराने पार करावयाचा तर १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. ही जागा नकाशातच राखून ठेवावी लागते. नंतर बसविलेला तोकडा, उभा उतार हा केवळ नियमाची पूर्तता करतो.

आरहूसचा प्रयोग : तिन्ही जागांचा संगम

संग्रहालय, वृद्धसेवा आणि घर यांचा प्रत्यक्ष संगम झाल्याचे एक उदाहरण डेन्मार्कमधील आरहूस येथे सापडते. ‘डेन गाम्ले ब्यू’ या खुल्या संग्रहालयात १९५० च्या दशकातील घर त्या काळच्या सामानासह मांडून स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना तेथे पाहुणे म्हणून बोलाविले जाते. येथे वस्तू काचेआड नाहीत. पाहुणे खुर्चीवर बसतात, कॉफी घेतात, वस्तू हाताळतात. आरहूस विद्यापीठातील संशोधकांनी या मांडणीचा अभ्यास करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नित्याच्या आधुनिक खोलीपेक्षा या परिसरात पाहुण्यांना स्वतःच्या आयुष्यातील अधिक आठवणी झाल्या, असे त्यांना आढळले. संग्रहालयाने वावराला परवानगी दिली तेव्हा संग्रहातील वस्तूंचे मोल वाढले, असा याचा अर्थ लावता येतो.

हा प्रयोग महाराष्ट्रात जसाच्या तसा आणण्यात मात्र एक धोका आहे. ‘जुने घर’ म्हटले की आपल्यासमोर वाडा उभा राहतो. आज वृद्धनिवासात असलेल्या साऱ्यांचे बालपण वाड्यात गेलेले नाही. कोणाचे गिरणगावातील चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेले, कोणाचे कुडाच्या घरात, कोणाचे गावकुसाबाहेर. ज्या ओसरीवर पाऊल ठेवण्याची बंदी होती, ती ओसरी पुन्हा उभारून एखाद्या वृद्धाला ‘आपल्या घराची’ आठवण करून देणे ही क्रूर चेष्टा ठरेल. म्हणून स्मृतीची खोली रचण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ती रचावयाची त्यांच्याकडून घराची वर्णने मिळविणे आवश्यक आहे. स्टोव्हचा आवाज, सामाईक नळ, चाळीची गॅलरी, भिंतीला टेकवून ठेवलेली घडीची खाट हेही मराठी घरच आहे, आणि त्याला आपल्या संग्रहालयांत अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही मुद्दे स्पष्ट होतात. संग्रहालयात वस्तूला, वृद्धनिवासात व्यवस्थेला आणि घरात पाहुण्याच्या नजरेला प्राधान्य मिळाले आहे. जागा वापरणाऱ्याचा विचार तिन्ही ठिकाणी मागाहून होतो. या तिन्ही जागांना एकमेकांकडून घेण्यासारखे आहे. संग्रहालयाने घराकडून बसण्याची व हाताळण्याची मुभा घ्यावी. वृद्धनिवासाने वाड्याकडून चौकाचे तत्त्व घ्यावे, पण त्याची उतरंड घेऊ नये. घराने वृद्धनिवासाच्या अभ्यासातून आधाराची दांडी, सुरक्षित फरशी आणि योग्य उजेड या गोष्टी वेळीच स्वीकाराव्यात.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचा अभ्यास सध्या वास्तुरचना, गृहविज्ञान, इतिहास व समाजशास्त्र अशा स्वतंत्र विभागांत वाटला गेला आहे. गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गावातील वृद्धाश्रमाचे मोजमाप घ्यावे, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तेथील निवासींकडून त्यांच्या घरांची वर्णने नोंदवावीत आणि दोहोंनी मिळून एक नकाशा सिद्ध करावा, इतके काम कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. त्या नकाशात उंबऱ्याची उंची आणि खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची पावले मोजलेली असावीत. भिंतींच्या रंगाचा विचार त्यानंतर करता येईल.