उसनी रणभूमी, स्वतःचा प्रश्न

‘रेड व्हर्सेस ब्ल्यू’ ही मालिका २००३ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये बर्नी बर्न्स व त्यांच्या मित्रांनी सुरू केली. ‘हेलो’ या विज्ञानकाल्पनिक युद्धखेळालाच त्यांनी रंगभूमी केले. परस्परांना जोडलेल्या यंत्रांवर खेळाडू पात्रे हलवीत. त्यांतील एकाची दृष्टी हाच कॅमेरा. शिरस्त्राणाआड चेहरा दिसत नाही. मान हलली की पात्र बोलले, असे समजायचे.

आम्हांस या दारिद्र्याचेच मोल वाटते. मुद्राभिनय नसल्याने सारा भार संवादावर येतो. पहिल्याच भागात एक सैनिक विचारतो, आपण येथे का आहोत? सोबती थेट विश्वाच्या प्रयोजनाकडे, ईश्वराच्या अस्तित्वाकडे वळतो. विचारणाऱ्याला मात्र ती ओसाड दरी एवढेच अभिप्रेत असते! आपण हसतो, परंतु प्रश्न आपल्यापाशीच उरतो. ठार मारण्यासाठी रचलेल्या जगात बंदूक खाली करून माणसे बोलतात, हे लहान यश नव्हे.

२०१० पासून मॉन्टी ओम यांच्या सचेतन द्वंद्वयुद्धांनी मालिका दिपवू लागली. कौशल्य वाढले, पण त्या झगमगाटात दरीतली ती निवांत शंका मागे पडली, असे आमचे नम्र मत आहे. मालिका २०२४ मध्ये संपली. प्रश्न संपलेला नाही.