दिवाळखोर मालक आणि किशोरवयीन कामगाराचे थकीत वेतन : भारतीय कायद्याची एक चिकित्सा

प्रस्तावना :

श्रम आधी आणि मोबदला नंतर, हा मजुरीच्या व्यवहाराचा क्रम आहे. म्हणजेच महिनाभर काम करणारा कामगार त्या महिन्यापुरती मालकाला उधारी देत असतो. बँक कर्ज देताना तारण घेते, पुरवठादार मालाची आगाऊ रक्कम मागू शकतो. कामगाराजवळ मात्र मालकाच्या शब्दाखेरीज कोणतेही तारण नसते. मालकाचे दिवाळे निघाले की हा शब्द निरर्थक ठरतो. असा कामगार सोळा-सतरा वर्षांचा असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. सकाळी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीच्या वर्गात बसणारे आणि उरलेल्या वेळात दुकानात, कारखान्यात वा उपाहारगृहात राबणारे विद्यार्थी प्राध्यापकवर्गास अपरिचित नाहीत. त्यांच्या बुडालेल्या वेतनाचे कायदा काय करतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

किशोरवयीन कामगाराचे कायदेशीर स्थान :

बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षे पूर्ण केलेल्या परंतु अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस ‘किशोरवयीन’ अशी स्वतंत्र ओळख दिली. खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया येथे त्यास कामावर ठेवण्यास मनाई आहे. अन्यत्र कामाचे तास, विश्रांती आणि रात्रपाळीची बंदी यांच्या मर्यादेत त्यास काम करता येते. त्याचे नाव, जन्मतारीख व कामाचे स्वरूप यांची नोंदवही ठेवणे मालकावर बंधनकारक आहे.

याच मुलास भारतीय करार अधिनियम, १८७२ मात्र ‘अज्ञान’ मानतो. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ साली प्रस्थापित केले. ‘करारच नाही, तर वेतन कसले?’ असा युक्तिवाद त्याआधारे करता येईल. तो टिकणारा मात्र नाही. वेतनाचा हक्क आज केवळ करारातून उद्भवत नाही, तो कायद्यातून उद्भवतो. वेतन संहिता, २०१९ मधील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत वयाची अट नाही. करार अधिनियमाचे कलम ७० देखील, फुकट करण्याचा उद्देश नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकते. मनाई असलेल्या धोकादायक कामावर ठेवलेल्या मुलाच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. मनाई मुलाच्या रक्षणासाठी आहे, तिचा फायदा मालकास मिळणे हे कायद्याच्या हेतूशी विसंगत होय.

मालक कंपनी असेल तर :

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये कंपनीविरुद्ध प्रक्रिया दाखल झाली की कलम १४ ची स्थगिती लागू होते व कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते. येथेच पहिली अडचण निर्माण होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत कामगारास अनुकूल अशा महत्त्वाच्या तरतुदी आहेत. आस्थापना बंद पडल्यामुळे बेरोजगार झालेल्यास दोन कामकाजी दिवसांत वेतन द्यावयाचे आहे, दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि मुख्य म्हणजे वेतन दिले आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होताच कामगारास या मार्गावरून दुसऱ्या मार्गावर यावे लागते. तेथे त्याने विहित नमुन्यात मागणी नोंदवावयाची असते आणि नोकरीचा व थकबाकीचा पुरावा त्यालाच द्यावा लागतो. समापनाच्या टप्प्यावर कामगाराने मागणी केली नसली तरी कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकांवरून समापक ती मान्य करू शकतो, ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु ज्याचे नावच पुस्तकात नाही, त्यास तिचा उपयोग नाही. आणि अल्पवयीन मुलाचे नाव पुस्तकाबाहेर ठेवण्यात मालकाचा उघड स्वार्थ असतो.

कामगाराने स्वतःहून प्रक्रिया सुरू करावयाची म्हटल्यास थकबाकीची किमान मर्यादा आडवी येते. ती २४ मार्च २०२० रोजी एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली. एखाद्या मुलाचे दरमहा ८,००० रुपयांप्रमाणे तीन महिन्यांचे वेतन थकले असे गृहीत धरले, तर रक्कम २४,००० रुपये होते. अशी मर्यादा गाठण्यास ४१७ कामगार एकत्र यावे लागतील. कामगार संघटना आपल्या सभासदांच्या वतीने असा अर्ज करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जे. के. ज्यूट मिल मजदूर मोर्चा प्रकरणी २०१९ साली दिला. परंतु जेथे संघटनाच नाही तेथे हे दार बंदच राहते.

समापनातील रकमेचे वाटप कलम ५३ च्या प्राधान्यक्रमाने होते. प्रक्रियेचा खर्च प्रथम. त्यानंतर समापनापूर्वीच्या चोवीस महिन्यांची कामगारांची देणी आणि आपले तारण सोडून दिलेल्या प्रतिभूत धनकोंची देणी एकाच पायरीवर. अन्य कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन त्याखाली. या व्यवस्थेस दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने मोझर बेअर कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात २०२३ साली फेटाळले. धनकोंना संरक्षण नसेल तर उद्योगांना कर्जच मिळणार नाही आणि कर्जावाचून रोजगारही राहणार नाही, हा या व्यवस्थेमागील विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, बँक आपली जोखीम अनेक कर्जदारांत विभागू शकते. मुलाची जोखीम एकाच मालकाशी बांधलेली असते. दोघांना एका पायरीवर बसविल्याने दोघे समान होत नाहीत.

शिकाऊ उमेदवाराचा प्रश्न :

किशोरवयीनांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर बाब व्याख्येत दडलेली आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये चौदा वर्षांवरील मुलास पालकामार्फत करार करून शिकाऊ उमेदवार होता येते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या ‘कामगार’ या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा समावेश होता आणि दिवाळखोरी संहितेने ‘कामगार’ शब्दासाठी हीच व्याख्या स्वीकारली. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने मात्र १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवारास ‘कामगार’ या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले. वेतन संहितेनेही त्यास कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेर ठेवले. निरसित कायद्याचा उल्लेख नव्या कायद्याचा उल्लेख म्हणून वाचावा, हा सर्वसाधारण नियम येथे लावला गेल्यास शिकाऊ उमेदवाराचे थकलेले विद्यावेतन दुसऱ्या पायरीवरून घसरून ‘उर्वरित देणी’ या तळाच्या गटात जाण्याचा धोका संभवतो. एका कायद्यातील शब्द बदलल्याने दुसऱ्या कायद्यातील हक्क चर्चेविना आक्रसावा, ही बाब चिंताजनक आहे.

मालक व्यक्ती वा भागीदारी संस्था असेल तर :

किशोरवयीन मुले प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांत नव्हे, तर छोट्या मालकांकडे काम करतात. व्यक्ती व भागीदारी संस्थांविषयीचा संहितेचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या वैयक्तिक हमीदारांपुरता लागू करण्यात आला. इतरांची भिस्त जुन्या कायद्यांवर राहिली : मुंबई, कोलकाता व चेन्नईसाठी १९०९ चा आणि अन्यत्र १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. १९२० च्या अधिनियमाचे कलम ६१ कारकून, नोकर वा मजूर यांच्या चार महिन्यांच्या वेतनास अग्रक्रम देते. परंतु त्याच्या मूळ पाठातील मर्यादा आहे एकूण वीस रुपये! शतकापूर्वी या रकमेस काही अर्थ होता. आज ती वाचताना कायदा गरिबाची चेष्टा करीत असल्याचा भास होतो. वस्तुतः येथे अनास्था आहे, आणि ती चेष्टेहून अधिक काळ टिकते.

पर्यायी विचार :

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९२ च्या १७३ क्रमांकाच्या करारनाम्याने दोन मार्ग सांगितले : वेतनास अग्रक्रम अथवा हमी संस्था. अग्रक्रम मालमत्ता शिल्लक असेल तरच उपयोगी पडतो; हमी संस्था मालमत्ता नसतानाही वेतन देते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या रोजगार हक्क अधिनियमान्वये राष्ट्रीय विमा निधीतून साप्ताहिक कमाल मर्यादेच्या अधीन राहून आठ आठवड्यांपर्यंतचे थकीत वेतन दिले जाते आणि नंतर शासन कामगाराच्या जागी धनको म्हणून उभे राहते. वाट पाहण्याचा भार त्यामुळे मुलाकडून शासनाकडे जातो. हाँगकाँगमध्ये १९८५ पासून असा निधी व्यवसाय नोंदणीवरील आकारातून उभारला जातो.

भारतात १९८६ च्या अधिनियमाखाली बाल व किशोरवयीन कामगार पुनर्वसन निधीची तरतूद आहे. मालकाकडून वसूल झालेला दंड त्यात जमा होतो आणि शासन प्रत्येक मुलामागे १५,००० रुपयांची भर घालते. परंतु हा निधी दंडाशी जोडलेला आहे, वेतनाशी नव्हे. ज्याने नियम पाळून मुलास कामावर ठेवले व नंतर ज्याचे दिवाळे निघाले, त्याच्याकडील मुलास यातून काहीही मिळत नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, किशोरवयीन कामगाराकडे पाहणारा कायदा त्याच्या तासांचा विचार करतो, वेतनाच्या बुडण्याचा करीत नाही. आणि दिवाळखोरीकडे पाहणारा कायदा कामगाराचा विचार करतो, त्याच्या वयाचा करीत नाही. या दोहोंमधील पोकळी भरून काढण्यासाठी पुढील गोष्टी आवश्यक वाटतात. शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन दिवाळखोरीपुरते कामगाराच्या देण्यांत स्पष्टपणे समाविष्ट करावे. किशोरवयीनाच्या मागणीबाबत पुराव्याचा भार वेतन संहितेप्रमाणेच ठेवावा आणि नोंदवही न ठेवण्याचा लाभ मालमत्तेस मिळू देऊ नये. वीस रुपयांची मर्यादा रद्द करावी. पुनर्वसन निधीची व्याप्ती वाढवून किमान आठ आठवड्यांचे वेतन त्यातून द्यावे व शासनाने ते नंतर वसूल करावे.

चोवीस हजार रुपये ही ताळेबंदात नगण्य रक्कम असेल. परंतु अनेक घरांत ती वर्षभराची फी, प्रवासखर्च आणि पुस्तके असते. ती बुडाली की शिक्षण सुटते, आणि सुटलेले शिक्षण कोणत्याही समापकाच्या यादीत देणे म्हणून नोंदविले जात नाही.