प्रिंटरची सिम्फनी : अभ्यास नेमका कशाचा?

बँकेत पासबुक छापून घेताना होणारी करकर तुमच्या कानावरून गेली असेलच. तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. मॉन्ट्रिअलच्या थॉमस मॅकिंटॉश आणि इमॅन्युएल मदान या जोडीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे जुने प्रिंटर एकत्र बसवून ‘सिम्फनी फॉर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर्स’ ही रचना केली.

‘भंगारातून संगीत’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण संशोधन करायचं तर तेवढ्यावर भागत नाही. आधी यंत्र समजून घ्या. प्रिंटरच्या डोक्यात ९ किंवा २४ बारीक पिना असतात. विद्युतचुंबकाच्या जोरावर त्या शाईच्या फितीवर आपटतात. कोणतं अक्षर आहे, यावर ठोके ठरतात. मोकळी जागा आली की ठोके थांबतात. म्हणजे काय, तर संगणकातली साधी मजकुराची फाइल हीच इथे स्वरलिपी! कुठल्या प्रिंटरने काय आणि केव्हा छापायचं, हे संगणकांचं जाळं ठरवतं. संचालकही तेच.

आता माझा आक्षेप. प्रिंटरच्या आत मायक्रोफोन बसवून आवाज मोठा केलेला आहे. त्यामुळे कचेरीत डोकं उठवणारी कटकट इथे चक्क तालात, गोड वाटायला लागते. कार्यालयीन यंत्रांवरची टीका म्हणून ही रचना वाचली, तर हा गोडवा त्या टीकेची धार बोथट करतो. मला ती सगळ्यात भावते ती ताल आणि गोंगाट यांच्या सीमेवर असताना. तिथे जाणवतं की हा वाद्यवृंद वादकांसारखा हट्ट करत नाही, फक्त हुकूम पाळतो. कचेरीची खरी आठवण मला तिथे येते.

तुमच्यासाठी मुद्दा असा : नुसतं ध्वनिमुद्रण ऐकून प्रबंध लिहिलात, तर मजकूर, यंत्रं आणि प्रयोगाची जागा, तिन्ही हातातून निसटतील. म्हणून विषय नोंदवण्याआधी एका वाक्यात लिहून बघा : मी आवाजाचा अभ्यास करतोय, मजकुराचा, यंत्राचा, की प्रयोगाचा? उत्तर बदललं की पुरावा बदलतो, पद्धतही बदलते. ते वाक्य जमत नसेल, तर प्रस्तावना लिहायची घाई करू नका.