कायद्याचें सोपें मराठी

कायदा सामान्य वाचकास समजावून देणारीं मराठी पुस्तकें व लेख अलीकडे पुष्कळ निघतात. वकिलाच्या घरची पायरी चढण्यापूर्वीं गृहस्थानें आपला व्यवहार स्वतः जाणावा, हा त्यांचा हेतु स्तुत्यच आहे. परंतु यांतील बऱ्याच लेखकांची एक समजूत मला मान्य नाहीं. कठीण शब्दाच्या जागीं ओळखीचा शब्द घातला कीं अर्थ सोपा झाला, असें ते मानतात. वस्तुतः कायद्यांतील शब्दाचा अर्थ प्रतिशब्दांत नसून, त्यापासून कोणास काय मिळतें व कोणाचें काय जातें, यांत असतो.

‘नॉमिनी’ हाच शब्द घ्या. सरकारी मराठींत त्यास ‘नामनिर्देशित व्यक्ति’ म्हणतात. तो जिभेवर बसत नाहीं, हें खरें. म्हणून सोपेपणाच्या हौसेनें ‘वारस’ लिहितात, आणि घरोघरींही ‘ठेवीला मुलाला वारस लावला आहे’ असेंच बोलतात. शब्द सोपा झाला, पण खोटा झाला. बँकेंतील ठेवीचा नॉमिनी म्हणजे ठेवीदाराच्या पश्चात् रक्कम हातीं घेण्याचा अधिकार असलेला मनुष्य. त्याला ती दिली कीं बँक मोकळी होते, एवढेंच. रक्कम कोणाची, हें मृत्युपत्रावरून, आणि तें नसल्यास वारसाच्या कायद्यावरून ठरतें.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत थोरल्या भावानें वडिलांची सारी ठेव स्वतःकडे ठेवली. तो लोभी नव्हता. ‘वडिलांनींच मला वारस नेमलें,’ असें तो अगदीं प्रामाणिकपणें सांगे. दोघी बहिणींनीं त्या घरीं येणें सोडलें. पुढें एका वकिलानें खरा अर्थ उलगडला, तेव्हां ठेवीचे पैसे घर बांधण्यांत खर्च होऊन गेले होते.

विम्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९८३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकालांत काढलेल्या एका खटल्यांत मृताची पत्नी नॉमिनी होती, आणि आई व मुलगा वाटा मागत होते. पत्नी ही रक्कम घेणारी, एकटी मालकीण नव्हे, असा निकाल झाला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर मात्र आईबाप, पति, पत्नी किंवा मुलें यांस नेमलें असल्यास विम्याची रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. उलट कंपनीच्या शेअरांपुरतें जुनेंच तत्त्व डिसेंबर २०२३ मध्यें पुन्हा कायम झालें. एका ‘वारस’ शब्दांत हें सर्व कोंबणाऱ्या लेखकास काय म्हणावें?

‘मुदत’ या शब्दाचीही अशीच दशा. उसन्या पैशांच्या दाव्याची तीन वर्षें उलटलीं कीं ‘कर्ज बुडालें’, असें बेधडक सांगण्यांत येतें. बुडत नाहीं, न्यायालयाचें दार बंद होतें, देणें शिल्लक राहतें. म्हणून तर ऋणकोनें मागाहून तें फेडण्याचें वचन लेखी व सहीनिशीं दिल्यास १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमान्वयें तें बंधनकारक होतें. खासगी मालकीच्या जमिनीचें तसें नाहीं. दुसरा मनुष्य ती आपलीच म्हणून उघडपणें व अखंड बारा वर्षें बळकावून बसला, आणि मालक स्वस्थ राहिला, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें मालकाचा हक्कच नाहींसा होतो. मग ताबा सुटला तरी जुना हक्क परत येत नाहीं. गांवीं जमीन ठेवून शहरांत स्थायिक झालेल्या वाचकास ‘मुदत म्हणजे कालमर्यादा’ एवढें सांगून ही पुस्तकें पुढच्या शब्दाकडे वळतात.