मिस्सा संपल्यानंतरची उपासना : फादर दिब्रिटो यांच्या सेवाविचाराच्या निमित्ताने

वसई-विरारचा कॅथलिक समाज ज्या उपासनेला 'मिस्सा' म्हणतो, तिचे नाव लॅटिन विधीच्या अखेरीस जमलेल्यांना निरोप देणाऱ्या शब्दांवरून आले आहे. उपासनेला तिच्या समारोपाचे नाव मिळावे, ही बाब लक्षणीय होय. भाविक चर्चबाहेर पडला की उपासना संपते, की तेथूनच तिचा पुढचा भाग सुरू होतो? विरारजवळच्या नंदाखाल येथे जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) यांचे कार्य या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणे उद्बोधक ठरते.

'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून त्यांनी ख्रिस्ती वाचकाला मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाशी जोडले. हरित वसईच्या चळवळीत ते शेती, विहिरी आणि भूजल यांच्या रक्षणासाठी उभे राहिले. धर्मगुरूने वेदी सोडून विहिरीवर का जावे, असा आक्षेप यावर संभवतो. मात्र हा आक्षेप वेदी व विहीर यांत जे अंतर गृहीत धरतो, ते योहानाच्या शुभवर्तमानाशी जुळत नाही. इतर तीन शुभवर्तमानांत अखेरच्या भोजनाच्या केंद्रस्थानी भाकरी व द्राक्षारस आहेत. योहान तेथे येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग (अध्याय 13) सांगतो. हे काम त्या काळी दासाचे. मराठीतील 'सेवा' हा शब्दही देवाची पूजा आणि माणसाची चाकरी असे दोन्ही अर्थ सांभाळतो. 'सुबोध बायबल' सिद्ध करणाऱ्या दिब्रिटो यांना ही संगती सांगण्यासाठी परकी परिभाषा शोधण्याची गरज नव्हती.

तथापि येथे एक मर्यादा नोंदवली पाहिजे. चळवळीतील सेवेला व्यासपीठ मिळते, नाव मिळते. 2020 साली उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना लाभले आणि ते उचितच होते. पाय धुण्याचे मर्म मात्र त्या कामाच्या क्षुल्लकपणात आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूला पहाटे स्नान घालून, मग भाजीची टोपली घेऊन विरारची गाडी पकडणारी आगाशी-नंदाखालच्या पट्ट्यातील स्त्री कोणत्या इतिहासात येते? तिच्या कष्टांना 'उपासना' म्हणणे सोपे आहे. त्याने टोपली हलकी होत नाही. उलट असे गौरवशब्द घरातील इतरांच्या सोयीचेच ठरतात.

या दृष्टीने पेत्राची भूमिका बारकाईने वाचावी लागते. तो नकार देतो, तो सेवा करण्यास नव्हे, तर गुरूकडून करवून घेण्यास. येशू त्याचा नकार स्वीकारत नाही. म्हणजेच या उपासनेत सेवा करणाऱ्यानेही कधीतरी पाय पुढे करावयाचे असतात. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये हा विधी होतो (धुतले जाणारे पाय बहुधा घरूनच स्वच्छ होऊन आलेले असतात, हा भाग निराळा). त्यासाठीच्या विधिनियमात केवळ पुरुषांचा उल्लेख होता. वर्षभर घरात इतरांचे पाय धुणाऱ्या स्त्रीला त्या आसनावर बसण्याची अधिकृत मुभा मिळाली ती 2016 साली, पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने.