घरचं घड्याळ, गिरणीची घंटा

इतिहासकार तमारा हॅरेवन यांच्या पुस्तकाचं नाव आधी सावकाश वाचावं: 'फॅमिली टाइम अँड इंडस्ट्रियल टाइम' (१९८२). कुटुंबाचा काळ आणि कारखान्याचा काळ. सगळं पुस्तक मधल्या 'आणि'वर तोललेलं आहे.

स्थळ अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधलं मँचेस्टर. तिथली अमॉस्केग ही एकेकाळी जगातली सर्वांत मोठी कापडगिरणी. १९२२ साली तिथे नऊ महिने संप चालला, १९३५ साली ती बंद पडली. हॅरेवन यांनी आधी कामगारांची कार्डं धुंडाळली. कोण कुठल्या खात्यात कधी लागलं, कधी सुटलं, याची नोंद त्यांवर. साचेखात्यातली बाई सुटते, परत लागते, पुन्हा सुटते. नुसत्या कार्डावरून ती धरसोड वाटेल. शेजारी लग्नाच्या, बाळंतपणाच्या नोंदी ठेवल्या की त्याच तारखांत तिचा संसार दिसू लागतो. कोरड्या कागदाला असा पाझर फुटताना पाहणं हे खरं वाचनसुख.

मग माणसं. आपल्या आयुष्यात सांगण्यासारखं काय आहे, असं जुन्या कामगारांना वाटायचं. गिरणीच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं आणि त्यांची जीभ मोकळी झाली. कॅनडातल्या क्विबेकहून आलेल्यांना नातलगांनीच कामाला चिकटवलं, मागावर हात बसवून दिला, हे त्यांच्याच तोंडून कळतं. आपल्या गिरणगावातही गाववाल्याच्या ओळखीनं माणूस चिकटायचा. यंत्रयुगानं गोतावळा मोडला, हे समाजशास्त्रातलं जुनं गृहीतक हॅरेवन मावशी-मेहुण्यांच्या हकिकतींनी उलथवतात!

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो त्यांनी नंतर या कामगारांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासाचा. पिढी ही नात्यातली पायरी. पण एकाच पायरीवरची भावंडं वेगवेगळ्या काळात वयात येतात. म्हणून हॅरेवन यांनी पिढीच्या आत समवयस्कांचे गट पाडले. समाजशास्त्राच्या या चाळणीत इतिहासाच्या तारखा पडतात आणि म्हाताऱ्या आईबापांना कोणी, किती सांभाळलं याचा अर्थ बदलतो. आईसाठी लग्न लांबवणारी मुलगी इथे त्यागमूर्ती होत नाही. तिचं वय आणि ते साल शेजारी मांडलं जातं, बस्स. एका ताटात जेवलेली दोन भावंडं घ्या. थोरला कमावता व्हायच्या वेळी मंदी आणि गिरणीला कुलूप. धाकट्याच्या वेळी दुसरं महायुद्ध, आणि कारखान्यांना माणसं हवी होती.