वऱ्हाडचा युवराज: फोटो आणि कागद

मलकापुरात राज्याचा इतिहास दस्तऐवजांतून वाचायला बसलो की पहिला प्रश्न येतो, कोणतं राज्य? १९६० पासून आपण महाराष्ट्रात. त्याआधी १९५६ पासून मुंबई राज्यात, त्याआधी मध्यप्रदेशात. आणि १९४७ पर्यंत, कागदोपत्री तरी, निजामाचे! जुन्या छायाचित्रांच्या प्रदर्शनांत ही गुंतागुंत सहसा दिसत नाही. आमची तक्रार तीच आहे.

निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह यांचा फोटो घ्या. खाली लिहिलेलं असतं, 'वऱ्हाडचे युवराज'. पाहणाऱ्याला वाटतं, हे इथे राज्य करत असतील.

आता शेजारी कागद ठेवू. १८५३ च्या तहाने, फौजेच्या खर्चाच्या थकलेल्या देण्यापोटी, वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ च्या कराराने ते कायमच्या पट्ट्याने दिलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. शेत बटाईने देतात, तसा प्रांत मक्त्याने दिला म्हणा ना. युवराजाची पदवी आली १९३६ साली, तीही ब्रिटिश राजाकडून. कारभार नागपूरहूनच चालू राहिला. फोटोखालची ओळ खोटी नाही, पण करार वाचल्याशिवाय ती फसवते.

कागदही साळसूद नसतात बरं का. या करारांत हैदराबाद आहे, इंग्रज आहेत. ज्याच्या कापसावर आणि शेतसाऱ्यावर हा व्यवहार उभा होता, तो वऱ्हाडी कुणबी सही करणाऱ्यांत नाही. त्याला शोधायचं तर जमाबंदीच्या दप्तरात उतरावं लागतं. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी युवराजाच्या फोटोशेजारी त्या दप्तराचं एक पान टांगावं, एवढंच आमचं म्हणणं.